शेवटच्या बाकावरून

मी २६ वर्षे शिक्षक-प्रशिक्षक म्हणून काम केले आणि त्यातला बराचसा काळ दुसऱ्याच्या वर्गात, शेवटच्या बाकावर बसून गेला. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी केलेल्या त्या बाकात मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत, निरीक्षणाची वही मांडीवर घ्यावी लागते, आणि समोर एकोणीस-वीस वर्षांची, शिक्षिका होण्याचे शिक्षण घेणारी एखादी छात्राध्यापिका हातात खडू घट्ट धरून उभी असते. तिचे निम्मे लक्ष मुलांकडे आणि निम्मे माझ्या पेनाकडे असते, कारण पेन हलले की आपले काहीतरी चुकले, असे तिला वाटते. तास संपला की ती टाचणाची, म्हणजे पाठाच्या आराखड्याची, वही माझ्यापुढे धरते आणि मी त्यात शेरा लिहून सही करते. आमच्या पेशाविषयी लिहायचे तर मला या शेऱ्यापासूनच सुरुवात केली पाहिजे. शिक्षक-प्रशिक्षक शिक्षक दिनाच्या भाषणात काय बोलतो यापेक्षा, घाईच्या दिवशी पाचव्या पाठाच्या वहीत तो काय लिहितो, यावरून त्याची मूल्ये अधिक खरी कळतात.

डी.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, झालेल्या कोणाही शिक्षकाने आपली जुनी वही काढून पाहावी. ‘फलकलेखन सुधारावे’, ‘आवाजात चढ-उतार हवा’, ‘प्रस्तावना चांगली’, ‘शैक्षणिक साधनाचा वापर योग्य’, ‘मुलांचा सहभाग वाढवावा’. यातला एकही शेरा खोटा नसतो. पण नीट पाहिले तर हे सगळे शेरे शिकवणाऱ्याविषयी आहेत. त्या पस्तीस मिनिटांत मुलांच्या डोक्यात काय घडले, याविषयी त्यांत अक्षरही नसते. मीसुद्धा पहिली काही वर्षे असेच शेरे लिहिले. एकाच वेळी शेजारशेजारच्या दोन वर्गांत पाठ चालू असत, मधल्या व्हरांड्यात उभे राहून एकदा या दारातून आणि एकदा त्या दारातून पाहायचे आणि दोन्ही वह्यांवर सह्या करायच्या, अशी पद्धत होती, आणि ती पद्धत चुकीची आहे हे कळत असूनही मी ती पाळली.

२००१ सालची एक सकाळ मला आजही लख्ख आठवते. सराव शाळेतली तिसरीची तुकडी होती आणि पाठ हातच्याच्या वजाबाकीचा होता. छात्राध्यापिका तयारीची होती. तिने फळ्यावर ५२ वजा २७ हे उदाहरण मांडले आणि एका मुलाला सोडवायला बोलावले. त्याने सावकाश ३५ असे उत्तर लिहिले. ती म्हणाली, “चूक. बस खाली. कोणाला येतंय?” दुसरी मुलगी उठली, तिने २५ लिहिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पाठ पुढे सरकला. मी वहीत लिहिले, ‘प्रश्नांचे वितरण चांगले’. लिहून झाल्यावर माझी नजर त्या मुलाकडे गेली. तो आपल्या पाटीवर पुन्हा तेच उदाहरण सोडवत होता आणि पुन्हा ३५ वरच येऊन थांबत होता.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघी त्याच्याजवळ बसलो. “हे कसं केलंस रे?” असे विचारल्यावर त्याने सरळ सांगितले, “बाई, दोनातून सात जात नाहीत. मग सातातून दोन घेतले, पाच राहिले. पाचातून दोन गेले, तीन राहिले.” त्याच्या उत्तरामागे नियम होता. लहान संख्या मोठीतून वजा करायची, हे त्याला पहिलीपासून शिकवले गेले होते, आणि तोच नियम तो प्रामाणिकपणे एककाच्या घरात लावत होता. तो वजाबाकीत कच्चा नव्हता; ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन एकक, आणि त्यातला एक दशक सुटा करता येतो, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. ‘चूक, बस खाली’ या तीन शब्दांनी ते पोहोचणारही नव्हते. छात्राध्यापिकेच्या डोळ्यांत पाणी आले. मी तिला म्हटले, “अगं, तू एकटी चुकली नाहीस. मी मागे बसून काय लिहिलंय ते वाच.”

त्यानंतर मी शेरा लिहायची रीत बदलली. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, डाव्या बाजूला शिक्षिका काय म्हणाली ते आणि उजव्या बाजूला मूल काय म्हणाले किंवा त्याने काय केले ते, शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहायचे. पाठानंतरच्या चर्चेत फक्त उजवी बाजू वाचायची. सुरुवातीला छात्राध्यापकांना ते विचित्र वाटे, कारण आपल्याविषयी चांगले-वाईट ऐकायला ते उत्सुक असत. पण काही आठवड्यांनी तेच एकमेकांना विचारू लागले, “त्याने असं उत्तर का दिलं असेल?” अध्यापक विद्यालयाच्या दोन वर्षांत हा एक प्रश्न अंगी लागला, तर बाकी बरेच काही पुढे शाळेत शिकता येते, असे माझे मत आहे.

सूक्ष्म अध्यापनाविषयीही इथेच सांगते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत सुरू झाली आणि आपल्याकडे तिचे छत्तीस मिनिटांचे चक्र रुळले: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण. प्रश्न विचारणे, फलकलेखन, स्पष्टीकरण असे एकेक कौशल्य सुटे काढून त्याचा सराव करायचा. घाबरलेल्या नवख्या मुलामुलींना उभे राहण्याचा धीर यावा म्हणून या पद्धतीचा उपयोग होतो, हे मी पाहिले आहे. अडचण अशी की यात समोर मुले नसतात. वर्गमित्रच मुलांची भूमिका करतात, आणि ती करताना ते नेमके हवे ते उत्तर देतात. वीस वर्षांचा मित्र ५२ वजा २७ चे उत्तर ३५ कधीच देणार नाही. म्हणून सूक्ष्म पाठांत उत्तम ठरलेली छात्राध्यापिका खऱ्या वर्गात पहिल्या अनपेक्षित उत्तराला अडखळते, आणि दोष तिच्या माथी येतो.

आता आम्ही प्रशिक्षक या कामात कसे येतो, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या अध्यापक विद्यालयात शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. लागते. आपल्याकडचे बी.एड. आणि एम.एड. हे अभ्यासक्रम मुख्यतः माध्यमिक शिक्षणाभोवती उभे राहिले. त्यामुळे ज्याने आयुष्यात एकदाही पहिलीच्या मुलाला ‘क’ आणि ‘का’ यांतला फरक समजावून दिलेला नाही, असा माणूस पहिलीला कसे शिकवावे यावर व्याख्याने देतो. १९९७ मध्ये मी या कामात आले, तेव्हा माझ्या गाठीशी हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवल्याची चार वर्षे होती. प्राथमिकच्या वर्गाचा अनुभव शून्य होता. मुलाखतीत मला मानसशास्त्रातले सिद्धांत विचारले गेले. सहा वर्षांच्या मुलाशी कधी बोलला आहात का, हे कोणी विचारले नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २००९ मध्ये शिक्षक-शिक्षणाचा जो राष्ट्रीय आराखडा काढला, त्याने व्यावसायिक आणि माणुसकी जपणारा शिक्षक घडवण्याचे ध्येय ठेवले. ते ध्येय मला मनापासून पटते. पण तसा शिक्षक घडवणारा स्वतः मुलांच्या सहवासातून आलेला असावा, ही त्याची पहिली अट आहे.

ही उणीव भरून काढायचा एकच मार्ग मला दिसला, तो म्हणजे दिग्दर्शन पाठ. अभ्यासक्रमात तो असतोच. सत्राच्या आरंभी प्रशिक्षकाने एक-दोन नमुना पाठ घ्यायचे आणि छात्राध्यापकांनी पाहायचे. बहुतेक ठिकाणी मात्र हे पाठ सराव शाळेतल्या हुशार तुकडीवर, तयार करून घेतलेल्या मुलांसमोर होतात. मी ठरवले की दर महिन्याला एक पाठ घ्यायचा, तुकडी छात्राध्यापकांनी निवडायची आणि पाठानंतर त्यांनी माझी वही लिहायची.

त्यातला तिसरा की चौथा पाठ हातच्याच्या वजाबाकीचाच होता, आणि तो फसला. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून तयार ठेवले होते. ५२ साठी पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, त्यातून २७ काढायच्या. एक गठ्ठा सोडायचा, सुट्या बारा होतील, त्यातून सात काढायच्या, उरलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन काढायचे, असा क्रम माझ्या टाचणात होता. पुढे बसलेल्या एका मुलीने सगळेच्या सगळे पाच गठ्ठे सोडले. बावन्न काड्यांचा ढीग जमिनीवर पसरला आणि ती एकेक काडी मोजत सत्तावीस बाजूला काढू लागली. मी लगबगीने तिच्याजवळ गेले, काड्या गोळा केल्या आणि म्हटले, “असं नाही गं, एकच गठ्ठा सोडायचा.” चाळीस छात्राध्यापक भिंतीला टेकून उभे होते. तास संपल्यावर मागे उभ्या असलेल्या एका छात्राध्यापकाने हात वर केला आणि विचारले, “मॅडम, तिचं उत्तर तर बरोबर येत होतं. तुम्ही तिला मोजू का दिलं नाही?”

खोली एकदम शांत झाली. मला त्या क्षणी दोन उत्तरे सुचली होती, दोन्ही पुस्तकी आणि दोन्ही स्वतःला वाचवणारी. ती मी दिली नाहीत, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. मी म्हटले, “मला माझं टाचण पुरं करायची घाई झाली.” मग आम्ही चर्चा केली की त्या मुलीला मोजू द्यायला हवे होते, शेजारी एकच गठ्ठा सोडणाऱ्या मुलाला बसवायला हवे होते, आणि कोणाचे आधी झाले व का झाले, हे त्या दोघांनाच शोधू द्यायला हवे होते. गठ्ठे बांधण्यामागचे कारण तिला त्यातूनच सापडले असते. माझ्या टाचणाच्या वहीत त्या छात्राध्यापकाने शेरा लिहिला, ‘बाईंनी मुलीच्या काड्या तिच्या हातातून घेतल्या’. मी त्याखाली सही केली. त्या वर्षीच्या छात्राध्यापकांनी मला नंतर सांगितले की माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा तो फसलेला पाठ त्यांच्या लक्षात राहिला. प्रशिक्षकाने आपला पाठ दुसऱ्याच्या नजरेखाली घेतला पाहिजे, हे माझे या पेशातले पहिले मूल्य तिथे पक्के झाले.

याच सुमारास महाराष्ट्रात डी.एड.ला अक्षरशः झुंबड उडाली होती. बारावीला ऐंशी-नव्वद टक्के मिळवणारी खेड्यातली मुले-मुली डॉक्टर-इंजिनिअर होण्याऐवजी डी.एड.ला येत, कारण पाठोपाठ जिल्हा परिषदेची नोकरी मिळेल ही खात्री असे. शिक्षण सेवक म्हणून सुरुवातीची तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढायचीही त्यांची तयारी असे. ही मुले फार गुणी होती. पण त्यांच्या गर्दीबरोबर विनाअनुदानित अध्यापक विद्यालयेही गावोगाव उघडली, आणि त्यांतली काही केवळ फीसाठी उघडली होती. अशाच एका संस्थेत काम करणारा माझा एक सहकारी होता. वर्षभर न आलेल्या विद्यार्थ्यांची हजेरी भर, असे त्याला सांगितले गेले. त्याने नकार दिला आणि पुढच्या जूनमध्ये त्याला कामावर बोलावणे आले नाही. दोन लहान मुले घरात असताना त्याने तो निर्णय घेतला. शिक्षक-प्रशिक्षकांच्या सचोटीविषयी कोणी बोलू लागले की मला अजून तोच आठवतो.

महाराष्ट्रातल्या डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालचा आयोग नेमला गेला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. शिक्षक-शिक्षण हा उच्च शिक्षणाचा भाग असावा आणि त्याचा कालावधी वाढावा, असे त्याने सांगितले. पुढे २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, आणि आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता करायचे ठरवले आहे. दरम्यान २०१२ नंतर आपल्याकडची शिक्षकभरती जवळजवळ थांबली, शिक्षक पात्रता परीक्षा आली, आणि डी.एड.चे, म्हणजे आताच्या डी.एल.एड.चे वर्ग ओस पडले. विद्यालये बंद झाली तेव्हा इमारती राहिल्या, पण वीस-वीस वर्षे मुलांचे पाठ पाहिलेली माणसे कोणी कापडाच्या दुकानात, कोणी शिकवणीत, कोणी शेतावर गेली. त्यांच्या नजरेत जमलेले शहाणपण कोणीही कुठे लिहून घेतले नाही. याचे मला फार दुःख आहे.

मी २००९ मध्ये जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डायटमध्ये आले. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून जन्मलेल्या या संस्थांकडून फार मोठी अपेक्षा होती: जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांना आपल्या हाकेच्या अंतरावर अभ्यासू, सोबत करणारी माणसे मिळावीत. प्रत्यक्षात अधिव्याख्यात्याचा बराच वेळ माहिती गोळा करण्यात, तक्ते भरण्यात आणि ‘आजच्या आज पाठवा’ अशा पत्रांना उत्तरे देण्यात जातो. प्रशिक्षणे होतात ती धबधबा पद्धतीने. राज्यस्तरावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याचे सुलभक तयार करतात, ते तालुक्याचे आणि तालुक्याचे केंद्राचे, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटाचे. पहिल्या पायरीवर पाच दिवस चाललेली चर्चा शेवटच्या पायरीवर एका दिवसाच्या सादरीकरणात उरते, तीही जेवणानंतरच्या सत्रात.

२०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आला, तेव्हाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे अशा काही केंद्रांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल आपल्या अनुभवातून स्वतः ज्ञान रचते असे मानणाऱ्या, पद्धतीने खरोखर सुंदर काम उभे केले होते आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून ते पाहायला जात होत्या. तिथल्या वर्गांत जमिनीवर संख्यांचे आणि अक्षरांचे तक्ते रंगवलेले होते. वर्षभरात आमच्याही जिल्ह्यात शाळाशाळांतल्या फरश्या रंगल्या. शिक्षकांनी पदरचे पैसे घातले, सुट्टीच्या दिवशी स्वतः ब्रश हातात घेतला. त्यांच्या तळमळीविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या तक्त्यावर उभे राहून मूल काय करते आहे, याकडे पाहायला आम्ही त्यांना शिकवले नव्हते. रंग पोहोचला, आणि त्या रंगामागचा विचार वाटेतल्या पायऱ्यांवर सांडला. ही चूक शिक्षकांची नव्हती, आम्हा प्रशिक्षकांची होती. आम्ही गाड्या भरून पाहायला पाठवले आणि परत आल्यावर त्यांच्या वर्गात जाऊन बसलो नाही.

वर्गात जाऊन बसणे, किंवा त्याहीपुढे जाऊन मूल असेल तिथे जाणे, हा आपल्याकडचा जुना वारसा आहे. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा बालवाडीत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेला अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मला विशेष वाटते ते हे की याच परिसरात बालशिक्षिकांचे प्रशिक्षणही चालले. शिकायला आलेल्या मुलींना सिद्धांत आणि वाडी यांत अंतर ठेवता येत नव्हते, कारण त्यांना शिकवणाऱ्या बाई स्वतः त्या वाडीत जात होत्या. आजच्या प्रत्येक प्रशिक्षण संस्थेच्या आवारात लहान मुलांचा एक वर्ग असावा आणि प्रत्येक अधिव्याख्यात्याचे त्यात आठवड्याला निदान दोन तास असावेत, एवढी एकच मागणी मी निवृत्त होईपर्यंत लेखी करत आले. ती मान्य झाली नाही. नव्या धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. त्या पन्नास तासांतले किती तास पडद्यासमोर जाणार आणि किती मुलांसमोर, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षीपासून मी दर मंगळवारी घराजवळच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीचा गणिताचा तास घेते. २००१ साली जिच्या डोळ्यांत पाणी आले होते, ती छात्राध्यापिका आता केंद्रप्रमुख आहे आणि ती शाळा तिच्याच केंद्रात येते. मागच्या महिन्यातली शिक्षण परिषद तिने त्याच शाळेत ठेवली आणि मला म्हणाली, “मॅडम, भाषण नको. मुलांना घेऊन पाठच घ्या, आम्ही सगळे मागे बसतो.” केंद्रातले पंचवीस-तीस शिक्षक मागे बसले आणि ती स्वतः शेवटच्या बाकावर, गुडघे आखडून, मांडीवर वही घेऊन बसली. मी काड्यांचे गठ्ठे वाटले. या वेळी दोन मुलांनी सगळे गठ्ठे सोडले आणि मी त्यांना शेवटपर्यंत मोजू दिले. पाठ चांगला झाला असे मला वाटत होते.

चर्चा संपल्यावर तिने वही माझ्या हातात दिली. पानावर मधोमध उभी रेघ होती. उजव्या बाजूला मुलांची वाक्ये नीट टिपलेली होती आणि सगळ्यांत खाली लिहिले होते, ‘खिडकीशी बसलेल्या, निळ्या दप्तराच्या मुलाने पूर्ण तासात एकही काडी हातात घेतली नाही. शेजारच्याने घेऊ दिली नाही. तुमच्या लक्षात आले होते का?’

माझ्या लक्षात आले नव्हते. मी त्याखाली सही केली. पुढच्या मंगळवारी मी वर्गात गेले ती त्याच्यासाठी वेगळा गठ्ठा घेऊन, आणि आधी त्याच्या शेजारी जाऊन बसले.